डावा दिसलेला हात

व्हिडिओत माझा उजवा हात डावा दिसतो, हे वीसेक व्हिडिओ टाकून होईपर्यंत मला कळलं नव्हतं. कळलं तेव्हा मी ते तसंच राहू दिलं. पुढचं सगळं त्यातूनच झालं. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. मनात सारखं फिरत राहतं, कागदावर ठेवलं तर कदाचित एका जागी बसेल.

आमचं घर घिवलीत. आमच्या आणि थोरल्या जावेच्या घराला मिळून एकच अंगण. माझा नवरा आणि मोठे दीर एकाच बोटीवर जातात. बोट आली की ताजे मासे जाऊ बोईसरच्या बाजारात नेते आणि उरलेलं वाळवायचं काम माझं. ही वाटणी कुणी बसून केली नाही. लग्न झाल्यावर मला एकदा बाजारात बसवलं होतं. मासे मांडले, पण हाक मारायला तोंडच उघडेना. शेवटी शेजारच्या बाईनं माझे मासे विकून दिले आणि सासूला निरोप पाठवला, हिला परत आणू नका, हिच्याकडे बघून गिऱ्हाईकालाच लाज वाटते. त्या दिवसापासून जाऊ बाजारात आणि मी अंगणात. मला ते बरंच वाटलं. बावीस वर्षं मी वाळत घातलेल्या माशांशी बोलले असेन तितकं माणसांशी बोलले नसेन.

मुलगी बोईसरला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. तिनं नवा फोन घेतला तेव्हा जुना मला दिला. दुपारी कामं आटपली की मी त्यात रांधायचे व्हिडिओ बघायची. एकदा एका बाईनं बोंबील धुतले आणि तसेच तव्यावर टाकले. पाणी दाबून काढलं नाही, वर काही वजन ठेवलं नाही. तव्यात त्यांचा गाळ झाला आणि ती हसत म्हणाली, बघा किती छान झालेत. खाली हजारो माणसांनी शाबासकी दिली होती. तीन दिवस ते माझ्या डोक्यातून जाईना. अंगणात फेऱ्या मारताना मी मनातल्या मनात त्या बाईला समजावत होते. प्रत्यक्षात समजावणं मला जमलंच नसतं.

मुलगी सुट्टीला आली तेव्हा मी तिला विचारलं, तोंड न दाखवता करता येतं का. ती म्हणाली, तोंड कशाला पाहिजे, हात पुरे. व्हिडिओ कसा टाकायचा ते तिनं शिकवलं. कुणाला सांगायचं नाही, काकीलासुद्धा नाही, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं.

बोंबील वाळत घालायची बांबूची चौकट अंगणात उभीच असते. तिच्या आडव्या बांबूला मी जाळ्याच्या दोऱ्यानं फोन बांधला, छातीच्या उंचीवर, जरा खाली झुकवून. माझी एकच काळजी होती. हनुवटी दिसता कामा नये, गळासुद्धा दिसता कामा नये. म्हणून पडदा माझ्याकडे ठेवला आणि पुढच्या कॅमेऱ्यानं काढायला लागले, म्हणजे चौकटीत काय येतंय ते दिसत राहील. जाऊ सकाळच्या रिक्षानं बाजाराला गेली की दुपारपर्यंत अंगण माझं.

पहिले काही व्हिडिओ कुणी पाहिले नाहीत. मी आधी खाली अक्षरं लिहायची, हळद, तिखट, कोकम. एकानं माझ्या शब्दात चूक काढली. मी चौथीपर्यंत शिकले, चूक असेलही. पण त्यानंतर अक्षरं लिहायला हातच उठेना. बोलायचं नाही आणि लिहायचंही नाही, मग सांगायचं कसं, याच विचारात मी भांडी घासायची. एक दिवस मीठ घालताना सुचलं. तीन चिमट्या मीठ मी एकदम टाकलं नाही. एक टाकली, हात वर नेला, थांबले. दुसरी. परत थांबले. बघणाऱ्याला आपोआप मोजावं लागलं. तो व्हिडिओ माणसांनी शेवटपर्यंत पाहिला. मग मी तसंच करत गेले. ताजा मासा आणि शिळा मासा शेजारी ठेवायची आणि दोघांचे कल्ले बोटानं उघडून दाखवायची. तळलेला बोंबील आधी मोडून दाखवायची, कुरकुर ऐकवायची, आणि मग पहिल्यापासून सुरू करायची. बोंबलाचा मधला काटा ओढायच्या आधी बोटं तशीच धरून ठेवायची, चार-पाच श्वास. हात थांबला की बघणारा थांबतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बोलता येत नसल्यामुळे ते मला सापडलं.

काट्याचा व्हिडिओ फार जणांनी पाहिला. त्याच्याखाली कुणीतरी लिहिलं, डाव्या हाताची काय सफाई आहे. दुसऱ्यानं हिंदीत लिहिलं, लेफ्ट हैंड वाली आंटी. मी हाताकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. मुलीला फोन केला तर ती हसायलाच लागली. म्हणाली, पुढच्या कॅमेऱ्यात आरशासारखं उलटं येतं, फोनमध्ये एक बटण दाबलं की सरळ होईल, सांगू का.

मी नको म्हटलं. मला त्यात वेगळीच सुटका वाटली. तोंड नव्हतंच, आता हातही माझा राहिला नाही. गावात कुणी पाहिलं तरी म्हणेल, ही डावखुरी कोण? ती मी नव्हे. इतकी मी त्या आडोशानं खूश झाले की आमच्या अंगणात एक खरीखुरी डावखुरी बाई राहते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

माझी जाऊ डावखुरी आहे. लग्न होऊन आली तेव्हा सासू जेवणं वाढताना तिचा डावा हात पदरात गुंडाळून कमरेला खोचायला लावायची. नैवेद्याचं ताट तिला कधी उचलू दिलं नाही. नारळी पौर्णिमेला सगळ्या बायका नारळाला हात लावायच्या तेव्हा तिला पाणी आणायला पाठवायचे. मी धाकटी असून पूजेचं सगळं माझ्याकडे आलं, का तर माझा उजवा हात. बाजारातही तसंच. पहिलं गिऱ्हाईक असलं की म्हणणार, उजव्या हातानं दे बाई, बोहनीची वेळ आहे. ती देते आणि वर म्हणते, उजव्या हातानं दिला म्हणून मासा जिवंत नाय होणार. सगळे हसतात. पण घरी आल्यावर कधीकधी ती डाव्या हाताची मूठ उघडझाप करत पायरीवर बसलेली मी पाहिली आहे.

गावातल्या बायकांनी व्हिडिओ पाहिला. अंगण ओळखलं, निळा ड्रम ओळखला, बांबूची चौकट ओळखली, आणि हात डावा. झालं. धक्क्यावर त्यांनी जावेला घेरलं आणि म्हणाल्या, लपवून ठेवलंस काय आमच्यापासून. हे मला दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर कळलं. एक म्हातारी मला सांगत होती, तुझ्या जावेच्या हातात जादू हाय, तू काय शिकलीस की नाय तिच्याकडून. कुणीतरी विचारलं, ती तर रोज बाजारात, मग काढते कधी? म्हातारी म्हणाली, आमी पण विचारलं, ती म्हणाली रविवारी.

मी हंडा अर्धाच भरून घरी आले. रविवारी, असं ती म्हणाली होती. म्हणजे नाही म्हटलं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस मला बसवेना. सुकट पसरायची, पसरलेली परत पसरायची. उलटलेले बोंबील उलटायची. नवरा म्हणाला, मासे वाळवतेस की त्यांना चालायला शिकवतेस. जाऊ रोज भेटत होती, रोज बोलत होती, त्या विषयावर एक शब्द नाही. आणि ती बदलत होती. बाजारात गिऱ्हाइकं तिच्याकडे थांबून मासा कापून मागायला लागली होती, डाव्या हातानंच कापा म्हणायची. बोहनीलाही. हे ती सांगायची नाही, नळावर कानावर यायचं, आणि रिक्षातून उतरताना तिच्या चालण्यात दिसायचं. डावा हात आता तिच्या पदराखाली नसायचा.

मला राग आला होता, ते कबूल करते. माझ्या हाताचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं आणि ते दुसऱ्याच्या अंगावर जाऊन पडलं होतं. सांगून टाकावं, असं दिवसातून दहा वेळा वाटायचं. पण सांगितलं की सगळे माझ्याकडे बघणार, नळावर, धक्क्यावर, लग्नात. आणि तिसरं एक होतं. तिच्या डाव्या हाताला पंचवीस वर्षांत कुणी बरं म्हटलं नव्हतं, ते आता म्हणत होते. ते मी काढून घेतलं असतं तर ती परत मूठ उघडझाप करत बसली असती. दावा सोडावा तरी चैन नाही, धरावा तरी नाही.

मग पालघरहून बोलावणं आलं. तिथल्या बचत गटांच्या बायकांचा खाण्याचा मेळावा होता. त्यांच्यातल्या दोघी बाजारात येऊन जावेला सांगून गेल्या, स्टेजवर बोंबलाचा काटा काढून दाखवा. आधी गुरुवार ठरला होता. जावेनं सांगितलं, गुरुवारी बोंबील कोण खाणार, तेव्हा बुधवार केला. म्हणजे तिनं हो म्हटलं होतं.

त्या दुपारी ती बाजारातून आली आणि घरात न जाता सरळ माझ्यासमोर येऊन बसली. मी सुकट निवडत होते. तीही निवडायला लागली. निवडता निवडता म्हणाली, "हात तुझे हायत, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. अंगठ्यावरची भाजल्याची खूण माझ्याच चुलीवरची हाय ना."

मी अंगठा सुकटीत खुपसला.

"मी माझे हात म्हणाली नाय," ती म्हणाली. "पण माझे नाय, असं पण म्हणाली नाय. बायका डाव्या हाताला चांगलं म्हणत होत्या गो. मला वाटलं, आज म्हणू दे, उद्या सांगीन. उद्याच्याला पण तसंच वाटलं."

मी विचारलं, "आता?"

"आता तू बोल. तू म्हणशील तर उद्या जाऊन सांगते, ही माझी धाकटी जाऊ, हिला न्या."

मला म्हणता आलं असतं. तेवढंच वाक्य होतं, हो, सांगा. मी सुकटीतला कचरा वेचत राहिले आणि म्हटलं, "तुमीच जा, वहिनी. मला स्टेज कुठं झेपणार."

ती उठली नाही. म्हणाली, "मग शिकव. मला तसा काटा काढता येत नाय."

तिला मासा कापता येत नव्हता असं नाही. बाजारात ती माझ्या दसपट वेगानं कापते. पण बोंबील घाई सोसत नाही. आधी पोट चिरायचं, मासा उघडायचा, काट्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठा नुसता फिरवायचा, मग डोक्याकडून धरून एका ओढीत वर. ती अंगठा दाबायची आणि मासाच फाटायचा. मी थांबा म्हटलं की ती म्हणायची, एवढं थांबलं तर गिऱ्हाईक सातपाटीला जाऊन मासे घेऊन येईल. पाच दिवसांत तिला काटा जमला. थांबणं जमलं नाही.

मेळाव्याला मी बरोबर गेले, ताटं-पाणी द्यायला म्हणून. हॉल बायकांनी भरला होता. जावेनं माइक घेतला आणि बाजारात बोलते तशीच बोलायला लागली. पहिला बोंबील उघडला, काटा अर्ध्यात तुटला. ती म्हणाली, ह्याला पालघरची हवा मानवली नाय. सगळ्या हसल्या. दुसऱ्याचा काटा सरळ निघाला, टाळ्या पडल्या. मी खाली पायरीजवळ घमेलं धरून उभी होते. मला वाटलं, सुटलो दोघी.

तेवढ्यात मागून एक बाई उठून म्हणाली, "ताई, व्हिडिओत ओढायच्या आधी हात थांबतो ना, तसं दाखवा की. मी तेवढ्यासाठी बघते."

दुसरीही म्हणाली, हो, तसंच. जावेनं तिसरा बोंबील घेतला. अंगठा फिरवला, काट्याचं टोक धरलं आणि थांबली. पण ते थांबणं नव्हतं. मासा बोटांत हलत होता. तिनं काटा ओढलाच नाही. मासा खाली ठेवला, डावा हात पदराला पुसला आणि माइकमध्ये म्हणाली, "ते थांबणं माझं नाय. मी बोलणारी बाई. व्हिडिओतले हात हिचे हायत, माझ्या धाकट्या जावेचे. फोनमध्ये उलटं दिसतं, म्हणून तुमाला डावे वाटले."

आणि डाव्या हातानं माझ्याकडे बोट दाखवलं.

सगळ्या वळल्या. पुढचं मला नीट आठवत नाही. घमेलं हातातच होतं, ते घेऊन मी मागच्या दारानं बाहेर गेले आणि नळाखाली स्वच्छ घमेलं घासत बसले. आतून हसण्याचा आवाज आला, मग टाळ्या. जाऊ परत बोलायला लागली होती. दोन बायका मला बघायला बाहेर आल्या. एकीनं माझा हात धरून उलटसुलट करून पाहिला, बाजारात पापलेट बघतात तसा, आणि म्हणाली, हा तर उजवा. तिच्या आवाजात थोडी नाराजी होती, असं मला वाटलं.

येताना बसमध्ये मी जावेशी बोलले नाही. त्यानंतर चार दिवस बोलले नाही. तिनं काय चुकीचं केलं, हे मला सांगता आलं नसतं. माझं होतं ते तिनं मला परत दिलं होतं. पण मला न विचारता, अख्ख्या हॉलसमोर दिलं. मी गावात जाईना. नळावर भल्या पहाटे, कुणी नसताना जायची. मुलगी फोनवर म्हणाली, आई, आता लपायला उरलंय काय, सरळ काढ. मी ते बटण दाबलं. उजवा हात उजवा दिसायला लागला. खाली लिहून आलं, आंटी बदली क्या? पहलेवाली अच्छी थी. हात तोच, मासा तोच, थांबणंही तेच. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मलाही तो परका वाटला. आठवडाभर चौकटीला फोन बांधलाच नाही.

जावेनंच एका रविवारी चौकटीपाशी बसून मला हाक मारली. तिनं मासे काढून, पाट धुऊन मांडामांड केली होती. म्हणाली, "बायकांना डावा हात पायजे तर माझा घे. मी करते, तू फोन धर. थांब म्हणशील तिथं थांबेन."

"तुमाला थांबता येत नाय."

"मग थांबेपर्यंत शिव्या घाल."

मी घरातून फोन आणला आणि व्हिडिओ काढायला पहिल्यांदा हातात धरला. मागच्या कॅमेऱ्यानं काढायचं तर मी फोनच्या पाठीमागे. हनुवटीची काळजी नाही, गळ्याची नाही. तिचा डावा हात डावाच दिसत होता. मी जवळ गेले, बोटांच्या अगदी जवळ. बांधलेल्या फोनला कधी इतकं जवळ जाता आलं नव्हतं. ती अर्थातच बोलत होती, बाजारातलं, कुणाच्या सुनेचं, मध्येच माशाचं. अंगठा काट्याशी आला तरी बोलतच होती. माझ्या तोंडून एकदम निघालं, "गप बसा हो वहिनी. आता नाय बोलायचं. धरा. धरून ठेवा. अजून. हं, आता."

तिनं धरलं. बोटं हलली नाहीत. मग ओढला आणि काटा सबंध वर आला.

रात्रीचं जेवण करताना मी व्हिडिओ ऐकला. माझा आवाज त्यात सगळा आला होता. मला वाटला होता तसा बारीक नव्हता. जरा खरखरीत, हुकूम सोडणारा, घिवलीचा. मुलीनं फोनवर सांगितलं, आवाज काढून टाकणं एका मिनिटाचं काम आहे. कसं काढायचं तेही सांगितलं. मी दोनदा त्या जागी बोट नेलं.

शेवटी तसाच टाकला. सकाळपासून खाली लोक विचारतायत, मागून बोलणारी ती दुसरी कोण? जाऊ म्हणते, तू उत्तर दे. मी अजून दिलेलं नाही. सुकट दोनदा पसरून झाली आहे, आणि फोन घरात ठेवलाय तरी मी दर थोड्या वेळानं दाराशी जाऊन त्याच्याकडे बघून येते.